रोहसची फाइल आणि पिवळे स्क्रू

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात वायफाय राउटरचे छोटे यूपीएस बनतात. क्वालिटी माझ्याकडे. जर्मनीच्या एका गिऱ्हाइकानं ऑर्डरआधी रोहसची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवर मर्यादा घालणाऱ्या युरोपच्या नियमाची, फाइल मागितली, तेव्हा मालक म्हणाले, “सगळ्या व्हेंडरांकडून पत्रं घे आणि पाठवून दे.” ‘आमचा माल नियमात बसतो’ अशी पत्रं भराभर आली. मजकूर बहुतेकांचा एकच. एकात तर आमच्या जागी भलत्याच कंपनीचं नाव. त्यांच्या भरवशावर सही करायला माझं मन होईना.

नियम असा: शिसं, पारा, हेक्साव्हॅलंट क्रोमियम (क्रोमियमचं विषारी रूप), पीबीबी आणि पीबीडीई (प्लास्टिकनं पेट घेऊ नये म्हणून घालतात ती रसायनं) प्रत्येकी ०.१ टक्क्याच्या आत, कॅडमियम ०.०१ च्या आत. आपल्या ई-कचरा नियमांतही हीच सहा नावं आणि हेच आकडे आहेत. युरोपनं २०१९ पासून चार थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) वाढवली. खरी मेख पुढे आहे: ही टक्केवारी अख्ख्या यूपीएसवर काढायची नसते. स्क्रूवरचा मुलामा वेगळा, वायरचं पीव्हीसी वेगळं, सोल्डरचा टाका वेगळा.

सोल्डर बदलायचं होतंच. जुनं ६३-३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) वितळतं १८३ अंशांना, नवं बिनशिशाचं २१७ च्या पुढे. सोल्डर वितळवायचा पॉट नवा घेतला, कारण जुन्या पॉटमध्ये शिसं उरतंच. मात्र रिपेअरच्या टेबलावर जुनी रीळ राहून गेली होती. लाइनवर सगळं शुद्ध आणि रिपेअर झालेल्या बोर्डावर शिशाचा टाका, असा तो प्रकार. ती रीळ मी कपाटात कुलूपबंद केली.

घाम फोडला तो स्क्रूंनी. इंद्रधनुषी झाक असलेले ते पिवळे स्क्रू सगळ्यांनीच पाहिलेत. भाड्यानं आणलेली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) लावली तर क्रोमियम दिसलं, पण गन फक्त ‘आहे’ एवढंच सांगते. हेक्साव्हॅलंट की नियमात चालणारं ट्रायव्हॅलंट हे तिला कळत नाही. (थॅलेट्स तर तिला दिसतच नाहीत, त्यासाठी वायरच्या स्लीव्हचे तुकडे लॅबलाच पाठवावे लागले.) लॅबमध्ये स्क्रू पाण्यात उकळले, त्या पाण्यात डायफिनाइलकार्बाझाइड टाकलं आणि पाणी चक्क जांभळट गुलाबी झालं. म्हणजे हेक्साव्हॅलंटच.

प्लेटिंगवाल्या काकांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, ट्रायव्हॅलंट करून देतो की. पण पांढरा येईल. पांढरा दिला की लोक म्हणतात प्लेटिंग कच्चं आहे.” त्यांचं काही चुकीचं नव्हतं, बाजारात पिवळा म्हणजे टिकाऊ अशी समजूत आहे. आम्ही पांढरा घेतला. किलोमागे दर थोडा चढला, मालकांनी कुरकुर केली.

फाइल गेली, ऑर्डर आली. मग ईपीआर, म्हणजे विकलेल्या मालाच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी. आमचं युनिट सूक्ष्म उद्योगात बसत नाही, म्हणून सूट नाही. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) पोर्टलवर नोंदणी झाली. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या वर्षांच्या विक्रीवरून रिसायकलिंगचं टार्गेट निघतं: २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७०, नंतर ८०. तेवढ्या वजनाची सर्टिफिकेटं नोंदणीकृत रिसायकलरकडून विकत घ्यायची. आमचाच जुना यूपीएस परत यायला हवा अशी अट नाही. आतल्या बॅटरीचे नियम वेगळे, त्याची नोंदणीही वेगळी.

ही पद्धत मला अर्धवट वाटते. सर्टिफिकेट तयार होतं ते रिसायकलरनं काढलेल्या सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियमवर. आमच्या स्क्रूवर कोणतं क्रोमियम होतं याचा त्या हिशेबात कुठे संबंधच येत नाही. पिवळा लावणारा आणि पांढरा लावणारा, दोघांना किलोमागे सारखाच भुर्दंड. तो पांढरा स्क्रू लावून घेतला जर्मन गिऱ्हाइकानं, पोर्टलनं नव्हे.

आता नव्या व्हेंडरकडे मी नुसतं पत्र मागत नाही. पार्ट नंबर लिहिलेला लॅब रिपोर्ट मागते, एका वर्षाच्या आतला. स्क्रूचं नवं पोतं आलं की त्यातले मूठभर आधी लॅबला जातात.