व्होलाटाइल इमेज: कधीही रिकामी होणारी जागा

स्क्रीन लॉक करून चहाला गेलात, परत येऊन पासवर्ड टाकलात, आणि नकाशा होता तिथे काळा चौकोन दिसला. किंवा विंडो लॅपटॉपवरून बाहेरच्या मॉनिटरवर ओढली आणि ग्राफवर रंगीत कचरा पसरला. स्विंगमधल्या (जावाच्या विंडो आणि बटणांच्या लायब्ररीतल्या) प्रोग्रॅमची ही तक्रार आली की आधी व्होलाटाइल इमेजचा कोड उघडायचा. चूक बहुतेक वेळा तिथल्या दहा-पंधरा ओळींतच असते.

व्होलाटाइल इमेज हा क्लास 2002 साली जावा 1.4 सोबत आला. ज्या चित्रावर वारंवार काढायचं आहे आणि जे वारंवार स्क्रीनवर उतरवायचं आहे, ते थेट ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. एका कार्डाच्या मेमरीतून त्याच कार्डाच्या मेमरीत कॉपी करणं स्वस्त पडतं, मुख्य मेमरीतून दर फ्रेमला पिक्सेल वर ढकलणं महाग. 1920 बाय 1080 चं चार बाइटी चित्र म्हणजे 82,94,400 बाइट. सेकंदाला साठ वेळा ते ढकललं तर जवळजवळ 50 कोटी बाइटची ये-जा झाली, आणि तीही एकाच चित्रापायी.

पण ही जागा भाड्याची आहे, आणि घरमालक नोटीस देत नाही. विंडोजवर डायरेक्ट थ्रीडीचं (विंडोजच्या ग्राफिक्स यंत्रणेचं) डिव्हाइस हातचं गेलं (रेझोल्यूशन बदललं, कुणी फुल स्क्रीनमध्ये शिरलं, सेशन लॉक झालं) की त्या मेमरीतलं चित्र जातं. एक्सेप्शन येत नाही, लॉगमध्ये काही दिसत नाही. गेलेल्या बफरवर (चित्राच्या त्या जागेवर) तुम्ही रेषा काढत राहता आणि त्या रेषा कुठेच जात नाहीत. म्हणून विचारायचं काम आपलं.

विचारण्यासाठी दोन मेथड आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. ‘व्हॅलिडेट’ बफर तपासते आणि गेला असेल तर मेमरी परत मिळवून देते. ‘कंटेंट्स लॉस्ट’ फक्त सांगते की मागच्या व्हॅलिडेटनंतर काही गेलं का. ती दुरुस्ती करत नाही.

व्हॅलिडेट तीनपैकी एक उत्तर देते. ‘ओके’ म्हणजे सगळं जागेवर आहे. ‘इनकम्पॅटिबल’ म्हणजे हा बफर या मॉनिटरच्या कॉन्फिगरेशनशी जुळत नाही, टाकून द्या आणि नवा बनवा. तिसरं उत्तर ‘रिस्टोअर्ड’, आणि या नावाने भल्याभल्यांना फसवलंय. चित्र परत आलं असं ते वाचताना वाटतं. परत आलेली असते ती फक्त मेमरी. आत काय असेल याची खात्री नाही. रिस्टोअर्ड आलं की सगळं पहिल्यापासून काढायचं.

क्रम असा ठेवा. पेंट होताना कंपोनंटकडून ग्राफिक्स कॉन्फिगरेशन (मॉनिटरचा साचा सांगणारा ऑब्जेक्ट) त्याच क्षणी मागून घ्या. कन्स्ट्रक्टरमध्ये एकदा घेऊन फील्डमध्ये जपून ठेवलं तर विंडो दुसऱ्या मॉनिटरवर गेल्यावर तुम्ही जुन्याच मॉनिटरची चौकशी करत बसता. मग डू-व्हाइल लूप सुरू करा. लूपच्या आत पहिलं काम व्हॅलिडेट. इनकम्पॅटिबल आलं तर जुन्या बफरवर फ्लश (त्याची जागा सोडणारी मेथड), आणि नवा बफर. ओके सोडून काहीही आलं, किंवा तुमचा डेटा बदलला असेल, तर बफरचा नवा ग्राफिक्स ऑब्जेक्ट घ्या, चित्र काढा, फायनलीमध्ये डिस्पोज करा. त्यानंतर बफर स्क्रीनवर उतरवा. लूपच्या शेवटी अट: कंटेंट्स लॉस्ट असेल तोवर पुन्हा.

शेवटची अट अनावश्यक वाटते म्हणून ती गाळली जाते. पण व्हॅलिडेट आणि स्क्रीनवर उतरवणं यांच्यामध्ये थोडा का होईना वेळ जातो, आणि मेमरी नेमकी त्या फटीत जाऊ शकते. उलट चूकही होते: व्हॅलिडेट लूपच्या बाहेर आणि कंटेंट्स लॉस्ट लूपच्या अटीत. बफर गेला की दुरुस्ती करणारं आत कुणीच नाही, अट कायम खरी, आणि प्रोसेसरचा एक कोअर शंभर टक्क्यांवर. पेंट इव्हेंट थ्रेडवर चालत असल्यामुळे अख्खी विंडो गोठते.

बारीकसारीक दोन गोष्टी. कंपोनंट अजून स्क्रीनवर आला नसेल तर त्याच्याकडून व्होलाटाइल इमेज मागितल्यावर नल मिळतं. आणि रुंदी-उंची शून्य असताना बफर बनवायला जाऊ नका. स्प्लिट पेन पूर्ण बंद केलं की ही वेळ येतेच.

पारदर्शक बफर हवा असेल तर तो तसा मागावा लागतो, नुसता मागितला तर अपारदर्शक मिळतो. पारदर्शक बफरवर दर वेळी काढण्याआधी अल्फा कम्पोझिट (नवा रंग जुन्यात कसा मिसळायचा याचा नियम) ‘क्लिअर’ लावून पूर्ण आयत भरा, मग ‘सोर्स ओव्हर’वर परत या. हे न केल्याने कडांभोवती मागच्या फ्रेमची सावली उरते.

आता मूळ मुद्दा. वरचा लूप अगदी तंतोतंत लिहूनही प्रोग्रॅम चुकीचा असू शकतो, कारण ‘चित्र पहिल्यापासून काढा’ हे त्याला जमलंच पाहिजे. चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये माउस हलेल तसा ब्रशचा फटकारा थेट व्होलाटाइल इमेजवर मारला आणि दुसरीकडे कुठेच नोंदला नाही, तर बफर गेल्यावर वापरणाऱ्याची मेहनतही गेली. खरं चित्र एकतर फटकाऱ्यांच्या यादीत राहायला हवं, नाहीतर मुख्य मेमरीतल्या बफर्ड इमेजमध्ये. व्होलाटाइल इमेज ही त्याची झेरॉक्स. अस्सल प्रत तिथे ठेवायची नाही.

आणि खरं सांगायचं तर पुष्कळ ठिकाणी या झेरॉक्सचीही गरज नसते. स्विंग स्वतःच डबल बफरिंग करतं. नुसती फडफड थांबवायची म्हणून जे-पॅनेलमध्ये आपला वेगळा व्होलाटाइल बफर घालणं म्हणजे रेनकोट घालून वर छत्री उघडणं. आयकॉन, स्प्राइट, पार्श्वभूमी अशी न बदलणारी चित्रं साध्या बफर्ड इमेजमध्ये ठेवा. तेच चित्र बदल न होता पुन्हा पुन्हा काढलं जातंय हे दिसलं की जावा 2डी (जावाची चित्रं काढणारी लायब्ररी) त्याची प्रत आपणहून कार्डाच्या मेमरीत ठेवतं, आणि ती गेली तर पुन्हा चढवतं. यांना मॅनेज्ड इमेज म्हणतात. एक लूप कमी, एक डोकेदुखी कमी.

फक्त या सोयीला एक खोल खड्डा आहे. पिक्सेलची ॲरे थेट हातात यावी म्हणून रास्टर (चित्रातला पिक्सेलचा साठा), रास्टरचा डेटा बफर आणि त्यावर ‘गेट डेटा’ अशी साखळी लिहिली जाते. ज्या क्षणी ती ॲरे तुमच्या हातात येते, त्या क्षणापासून तुम्ही तिच्यात कधी काय लिहाल हे जावाला कळायचा मार्ग उरत नाही. म्हणून ते चित्र कायमचं बिनभरवशाचं ठरतं, आणि दर वेळी मुख्य मेमरीतूनच काढलं जातं. तुम्ही ॲरे एकदाच वाचून सोडून दिलीत तरी फरक पडत नाही. स्वतःची ॲरे देऊन डेटा बफर बनवलात तरी तेच. ‘सेट आरजीबी’ हळू आहे, पण तिच्यामुळे हे होत नाही. चित्र बदललंय एवढीच नोंद होते.

उपाय सोपा आहे. ॲरेवरची प्रक्रिया एका चित्रावर पूर्ण करा, मग कॉन्फिगरेशनकडून ‘कम्पॅटिबल इमेज’ घेऊन ते चित्र तिच्यावर एकदा काढा. पहिलं सोडून द्या, यापुढे दुसरं वापरा. फाइलमधून वाचलेल्या चित्रांनाही हीच कॉपी लाभते, कारण जेपेग वाचल्यावर बहुधा तीन बाइटी बीजीआर (निळा, हिरवा, लाल या क्रमाचं चित्र) हाती येतं, आणि स्क्रीनचा साचा वेगळा असतो.

हाय डीपीआयची गोष्ट जरा वेगळी. जावा 9 पासून विंडोजवर 150 टक्के स्केल असेल तर 800 बाय 600 ची व्होलाटाइल इमेज आतून 1200 बाय 900 पिक्सेल घेते. अक्षरं धारदार राहतात, मेमरी सव्वादोन पट लागते. बफर्ड इमेज मात्र 800 बाय 600 च राहते आणि ताणून दाखवली जाते, म्हणून धूसर. ‘व्होलाटाइलवरून बफर्डवर आलो आणि सगळं पुसट झालं’ याचं कारण हे. बफर्डच हवी असेल तर कॉन्फिगरेशनच्या डीफॉल्ट ट्रान्सफॉर्ममधून स्केल वाचा, तेवढी मोठी इमेज बनवा, ग्राफिक्सला तोच स्केल लावा आणि उतरवताना मूळ रुंदी-उंची द्या.

देवनागरी मजकूर काढणाऱ्यांनी बफर जरूर वापरावा. ‘ड्रॉ स्ट्रिंग’ला इंग्रजी ओळ दिली की ग्लिफ (अक्षरांचे आकार) जवळजवळ थेट मिळतात. ‘क्षेत्रफळ’ किंवा ‘कार्यक्रम’ दिलं की जोडाक्षरं, रफार आणि मात्रा बसवण्यासाठी दर कॉलला नवा टेक्स्ट लेआउट तयार होतो. नकाशावर चारशे गावांची नावं असतील आणि माउसच्या प्रत्येक हालचालीला ती पुन्हा काढली जात असतील, तर वेळ तिथेच खर्च होतो. टेक्स्ट लेआउट ऑब्जेक्ट जपून ठेवा, किंवा नावांचा अख्खा थर एका बफरवर काढून ठेवा. मात्र तो थर पारदर्शक केला की एलसीडी पद्धतीचं अँटी-अलायझिंग (कडा गुळगुळीत करणं) लागू होत नाही, अक्षरं राखाडी कडांची होतात. ते खटकत असेल तर नकाशा आणि नावं मिळून एकच अपारदर्शक बफर करा.

बफरमधून चित्र परत हवं असेल तर ‘गेट स्नॅपशॉट’ आहे. फाइल सेव्ह करताना ठीक. दर फ्रेमला वापरलंत तर कार्डाला हातातलं काम संपवून पिक्सेल खाली पाठवत बसावं लागतं, आणि एवढा खटाटोप करून मिळवलेला वेग तिथेच सांडतो.

वेग खरंच मिळतोय का हे अंदाजाने ठरवू नका. ‘सन डॉट जावा2डी डॉट ट्रेस’ ही प्रॉपर्टी ‘काउंट’ करून प्रोग्रॅम चालवा. बंद करताना कुठली क्रिया किती वेळा झाली याची यादी छापली जाते. नावात ‘सरफेस टू सरफेस ब्लिट’ (ब्लिट म्हणजे पिक्सेलची कॉपी) असेल तर कॉपी कार्डातल्या कार्डात झाली. ‘एसडब्ल्यू टू सरफेस ब्लिट’चे आकडे हजारांत असतील तर कुठलं तरी चित्र सतत मुख्य मेमरीतून वर जातंय, वरचा ॲरेचा खड्डा आधी तपासा. लिनक्सवर ओपनजीएल (तिथली ग्राफिक्स यंत्रणा) चालू करायची प्रॉपर्टी ‘ट्रू’ देताना पहिला टी कॅपिटल लिहिला की पाइपलाइन सुरू झाली की नाही हेही छापून येतं. मॅकवर जेडीके 17 (जावाची 17 वी आवृत्ती) मध्ये मेटलची, म्हणजे ॲपलच्या ग्राफिक्स यंत्रणेची, पाइपलाइन आली आणि 19 पासून तीच डीफॉल्ट आहे, त्यामुळे तिथे ओपनजीएलची नावं शोधत बसू नका.

राहता राहिली चाचणी. बफर जाण्याची वाट बघत स्क्रीन लॉक-अनलॉक करत बसायची गरज नाही. डेव्हलपमेंट बिल्डमध्ये स्विंग टायमर लावा, दर दोन सेकंदांनी बफरवर फ्लश आणि कंपोनंटवर रीपेंट. फ्लशने कार्डावरची जागा सुटते, आणि पुढचं व्हॅलिडेट रिस्टोअर्ड सांगतं. टायमर चालू ठेवून पंधरा मिनिटं प्रोग्रॅम नेहमीसारखा वापरा. जो थर पुन्हा काढायचा राहिला असेल, तो पहिल्या दोन सेकंदांतच गायब झालेला दिसेल.