इटलीहून आलेले पाकीट आणि परक्या देशातले स्टिअरिंग

मागच्या वर्षी कापसाची दुसरी वेचणी सुरू असताना आमच्या गावच्या पोस्टमनने माझ्या पुतण्याच्या नावाचे एक रजिस्टर पाकीट घरी आणून दिले. पाकिटावर इटलीतील एका शहराच्या पालिकेचा शिक्का होता आणि मु. पो., ता. दारव्हा, जि. यवतमाळ हा आमचा पत्ता तालुक्याच्या नावातले एक अक्षर गाळून रोमन लिपीत छापलेला होता. सही करताना वहिनींचा हात थरथरत होता, कारण परदेशातून सरकारी कागद येणे म्हणजे काहीतरी अशुभ, एवढेच त्यांना त्या क्षणी वाटले. पाकिटात तीन नोटिसा होत्या. तिन्ही एकाच संध्याकाळच्या, सव्वासात ते सव्वाआठ या तासाभरातल्या, आणि प्रत्येकीवर शंभर युरोच्या आसपास रक्कम लिहिलेली होती. पुतण्या पुण्याला नोकरी करतो. कंपनीच्या कामासाठी तो युरोपला गेला असताना सुट्टीच्या दोन दिवसांत त्याने तेथे भाड्याची गाडी चालवली होती, आणि त्या गोष्टीला आता नऊ महिने उलटून गेले होते.

त्या रात्री फोनवर बोलताना त्याने सांगितलेली हकीकत मी येथे सविस्तर देतो, कारण परदेशात गाडी चालवणारा आपला माणूस नेमका कोठे चुकतो हे त्यातून जितके स्पष्ट होते तितके नियमपुस्तिकेतून होत नाही. इटलीतल्या रोम, फ्लॉरेन्स यांसारख्या बहुतेक जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल नावाचे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. तेथे स्थानिक रहिवासी आणि परवानगी घेतलेली वाहने सोडून इतरांना ठरावीक वेळेत प्रवेश नसतो. तेथे फाटक नसते, पोलीसही उभा नसतो, फक्त पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि खांबावर कॅमेरा असतो. त्याखालच्या विजेच्या पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ अशी अक्षरे पेटलेली होती. पुतण्याने ‘आत्तीवो’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘अॅक्टिव्ह’सारखे काहीतरी, म्हणजे रस्ता चालू आहे, असा अर्थ घेतला. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘प्रवेशद्वारावरची बंदी या वेळी लागू आहे’ असा होतो. हॉटेल शोधत तो त्या कॅमेऱ्याखालून तीन वेळा गेला आणि प्रत्येक वेळचा दंड स्वतंत्र लागला. शहराच्या मध्यभागातले हॉटेल पाहुण्याच्या गाडीचा क्रमांक आधीच कळवून परवानगी मिळवून देऊ शकते, ही साधी गोष्ट त्याला माहीत नव्हती.

आपल्याकडचा माणूस यावर लगेच विचारतो की नऊ महिन्यांनंतर आलेली नोटीस चालते तरी कशी. इटलीच्या कायद्यात परदेशी रहिवाशाला नोटीस पोहोचवण्यासाठी ३६० दिवसांची मुदत आहे. पालिका गाडीच्या क्रमांकावरून भाड्याच्या कंपनीला गाठते, कंपनी चालकाचे नाव आणि परवान्यावरचा पत्ता कळवते, आणि तेवढी माहिती दिल्याबद्दल चालकाच्या कार्डावरून स्वतःचे वेगळे शुल्क कापून घेते. ते शुल्क काही महिन्यांपूर्वीच कापले गेले होते. पुतण्याला ती बँकेची काही चूक वाटली होती. त्याचा परवाना एमएच २९ चा, म्हणजे यवतमाळचा आणि गावच्या पत्त्याचा असल्यामुळे कागद पुण्याला न जाता थेट आमच्या पायरीवर आला.

त्याने दंड तिसऱ्या दिवशी भरला. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांच्या आत भरल्यास तेथे तीस टक्के सूट मिळते आणि साठ दिवस उलटले की रक्कम वाढते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपली सवय नेमकी उलट आहे. मोबाइलवर ई-चलान आले की आपण ते तसेच राहू देतो आणि लोकअदालत लागली की तडजोड करू, असे म्हणत वर्ष काढतो. गावातल्या काहींनी पुतण्यालाही तोच सल्ला दिला, की इतक्या दूरवरून कोण वसुलीला येणार आहे, राहू दे. मला तो सल्ला मनापासून चुकीचा वाटला. पुतण्याला पुन्हा तिकडे जायचे आहे, हे एक कारण झाले. दुसरे आणि माझ्या दृष्टीने मोठे कारण असे की ज्यांच्या शहरात आपण पाहुणे म्हणून गेलो, त्यांचा नियम आपल्या हातून मोडला होता.

मी निवृत्त शिक्षक आहे. गावातली आणि आसपासच्या खेड्यांतली मुले बाहेरदेशी निघाली की पासपोर्टचे, व्हिसाचे अर्ज भरण्यासाठी माझ्याकडे येतात. व्हिसा, विमानाचे तिकीट, पगाराचा करार या गोष्टी ती चार-चारदा तपासून घेतात, पण तिकडच्या वाहतुकीच्या कायद्याबद्दल एकही जण विचारत नाही. ‘गाडी तर येतेच की’ एवढ्यावर तो विषय संपतो. शिवारातल्या पांदण रस्त्यावर ट्रॅक्टर शिकलेल्या मुलाचा हात खरोखरच चांगला असतो, यात शंका नाही. पण परक्या देशात हाताच्या सफाईच्या आधी कागदाची चौकशी होते.

त्या कागदाबद्दल आधी सांगतो. भारत १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक कराराचा सदस्य आहे आणि त्या कराराच्या आधारे आपले परिवहन कार्यालय आंतरराष्ट्रीय वाहन परवाना देते. त्याचे शुल्क एक हजार रुपये आहे आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. अनेकांचा समज असा की हे पुस्तक खिशात असले म्हणजे जगात कोठेही गाडी चालवता येते. खरे तर ते मूळ परवान्याचा मान्यताप्राप्त अनुवाद आहे. मूळ स्मार्ट कार्ड सोबत नसेल तर त्याला किंमत नाही, आणि चीनसारखा देश तर ते मानतच नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा परवाना पाहुण्यासाठी आहे, तेथे राहायला गेलेल्या माणसासाठी नाही. जर्मनीत राहायला गेलेल्या माणसाला भारतीय परवान्यावर सहा महिनेच गाडी चालवता येते, त्यानंतर लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा देऊन तिथला परवाना घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये ही मुदत बारा महिन्यांची आहे. मुदत संपल्यावर चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे, आणि जर्मनीत तो निव्वळ दंडाचा नव्हे, तर तुरुंगवासापर्यंत जाऊ शकणारा फौजदारी गुन्हा आहे.

आमच्या भागातून सर्वाधिक मुले आखाती देशांकडे जातात, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावर गेलेला माणूस आंतरराष्ट्रीय परवाना वापरू शकतो, पण कामासाठी राहण्याचा व्हिसा लागला की तिथलाच परवाना काढणे बंधनकारक होते. दुबईत जुना भारतीय परवाना दाखवल्यास प्रशिक्षणाचे तास कमी होतात, परीक्षा मात्र चुकत नाही. तेथे दंडासोबत काळे गुण लागतात आणि वर्षभरात असे चोवीस गुण झाले की परवाना जातो. लाल सिग्नल तोडला तर एक हजार दिरहम, बारा काळे गुण आणि गाडी तीस दिवस जप्त, म्हणजे अशा दोनच चुकांत चालकाची भाकरी जाते. गाडी चालवताना मोबाइल हातात धरला तर आठशे दिरहम आणि चार गुण, पट्टा लावला नाही तर चारशे दिरहम आणि चार गुण. २९ मार्च २०२५ पासून तेथे नवा संघराज्य वाहतूक कायदा लागू झाला असून दारू पिऊन गाडी चालवल्यास वीस हजार ते एक लाख दिरहम दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. थोडी घेतलेली चालते, असे तेथे काही नाही.

पायी चालणाऱ्यालाही हा कायदा सोडत नाही. धुऱ्यावरून धुऱ्यावर जावे तसा रस्ता वाटेल तेथून ओलांडायची आपली सवय आहे. तेथे ठरवून दिलेली जागा सोडून रस्ता ओलांडला तर चारशे दिरहम दंड होतो, आणि त्यामुळे अपघात घडला तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाते. मजुरीला गेलेल्या मुलाच्या हातात स्टिअरिंग येणारच नाही, म्हणून त्याला हे सांगायची गरज नाही, असे समजू नये.

अपघातात माणूस दगावला तर तेथे दियत, म्हणजे मृताच्या वारसांना द्यायची भरपाई, ठरलेली आहे, आणि ती रक्कम दोन लाख दिरहम आहे. गाडीचा विमा वैध असेल आणि चालकाकडे योग्य परवाना असेल तर हा भार विमा उचलतो. परवाना नसेल तर तो भार चालकावर येतो, आणि आपल्याकडे दोन लाख दिरहम म्हणजे कोरडवाहू शेतीच्या कित्येक वर्षांचे उत्पन्न आहे. म्हणूनच मालकाने ‘आज चालव, परवान्याचे नंतर पाहू’ असे म्हटले, तरी परक्या देशात चाकाला हात लावू नये, हे मी प्रत्येक मुलाला त्याच्या आईवडिलांसमोर सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी मुलीकडे जर्मनीला गेलो होतो. आम्ही महामार्गावर असताना पुढे कोठेतरी अपघात झाला आणि वाहतूक मंदावली. गाड्या पूर्ण थांबण्याआधीच डावीकडच्या रांगेतली प्रत्येक गाडी आणखी डावीकडे आणि बाकीच्या रांगांतली प्रत्येक गाडी उजवीकडे सरकली, आणि मधोमध एक सरळ मोकळी वाट तयार झाली. कोणी हॉर्न वाजवला नाही, कोणी त्या वाटेत गाडी घातली नाही. दोन-तीन मिनिटांत त्या वाटेने रुग्णवाहिका निघून गेली, आणि तिच्या मागे आग विझवणारी गाडी. जावयांनी सांगितले की ही वाट न देणाऱ्याला किमान दोनशे युरो दंड, दोन गुण आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी आहे, आणि देशात घर नसलेल्या परदेशी माणसाकडून पोलीस जागेवरच अनामत रक्कम घेऊ शकतात. ते ऐकताना मला १ जुलै २०२३ ची पहाट आठवत होती. समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटून पंचवीस माणसे गेली होती. रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्याला दहा हजार रुपये दंड २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या कायद्यातही आला आहे, पण ती मधली वाट आपल्या रस्त्यांवर मी अजून पाहिलेली नाही.

रस्त्याची बाजू बदलते, हे सर्वांना ठाऊक असते. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर येथे आपल्यासारखेच डावीकडून चालवतात, तर युरोपातल्या बहुतेक देशांत, अमेरिकेत आणि आखातात उजवीकडून. चूक भर गर्दीत सहसा होत नाही, कारण समोरची गाडी आपल्याला ओढून नेते. ती पहाटे रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल पंपातून बाहेर पडताना होते. जर्मनीत पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी असतो. अमेरिकेत शाळेची बस लाल दिवे लावून थांबली की दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचे असते. आपल्याकडे शाळेच्या ऑटोला घासून जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दारूचा मुद्दा परदेशी माणसासाठी सर्वांत कठोर आहे, कारण तो परवान्यावर थांबत नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झालेल्या परदेशी व्यक्तीचा व्हिसा २०१५ पासून रद्द करत आले आहे, आणि त्यासाठी न्यायालयाने दोषी ठरवण्याची वाटही पाहावी लागत नाही. जपानमध्ये प्यालेल्या माणसाच्या शेजारी बसलेल्यालाही आणि त्याला दारू देणाऱ्यालाही शिक्षा होते. फिनलंडमध्ये मोठ्या वेगभंगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २०२३ मध्ये तेथील एका धनाढ्य व्यावसायिकाला ताशी पन्नासच्या मर्यादेत ब्याऐंशीने गाडी नेल्याबद्दल एक लाख एकवीस हजार युरो भरावे लागले. पैसेवाल्याला दंडाचे काही वाटत नाही, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार तेथे कायद्यानेच दूर केलेली आहे, आणि मला ती पद्धत न्याय्य वाटते.

आमच्या शेजारचा एक मुलगा येत्या महिन्यात शारजाहला निघाला आहे. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या आणून लावण्याचे काम तो चार वर्षे करत होता. काल संध्याकाळी तो माझ्याकडे बसला होता आणि वहीत एकेक नियम लिहून घेत होता. मध्येच मान वर करून त्याने विचारले, “काकाजी, तिकडं पोलिसानं थांबवलं त गाडीतून उतराचं का बसून राहाचं?” मी म्हटले, “बसून राहायचं. काच खाली करायची, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायचे, मागतील तो कागद द्यायचा. आणि मिटवून घेऊ म्हणून नोट पुढे करायची नाही, तो दंडाहून मोठा गुन्हा आहे.” त्याने तेही लिहून घेतले आणि मग खिशातून स्वतःचा परवाना काढून माझ्यापुढे ठेवला. त्याची मुदत पाच महिन्यांनी संपते आहे. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नूतनीकरण करता येते, म्हणून सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघे यवतमाळच्या परिवहन कार्यालयात जाणार आहोत.