दीडशेच्या आतल्या बिलावर टिप किती?

बुधवार, रात्री

आज माटुंग्याला काम होतं, म्हणजे परतताना उडप्याकडे जाणं आलंच. इडली-वडा आणि कॉफीचे १३० झाले, वर पाच टक्के जीएसटी, हिशोब १३७ वर गेला. टेबलावर क्यूआर चिकटवलेला होता, तरी मी पर्समधून नोटाच काढल्या. दीडशे दिले आणि बडीशेपेच्या बशीत परत आलेले तेरा रुपये तसेच ठेवून उठले.

घरी आल्यावर नवऱ्याशी यावरून जुंपली. त्याचं म्हणणं, एवढ्याशा नाश्त्याला कसली टिप? द्यायचीच तर सरळ दहा टक्के धरावेत, जास्त लाड नकोत. आता १३७ चे दहा टक्के म्हणजे जवळपास मी ठेवले तेवढेच, तेव्हा भांडण खरं तर तिथेच मिटायला हवं होतं. पण मला तो टक्क्यांचा हिशोबच पटत नाही. मोठ्या बिलाला ठीक आहे. साठ रुपयांच्या इडलीचे दहा टक्के काढले तर सहा रुपये येतात. कुणी पनीर मागवो नाहीतर इडली, वेटरची स्वयंपाकघरापर्यंतची खेप तेवढीच असते.

आजचा वेटर पन्नाशीचा असेल. एका हाताच्या बोटांत पाण्याचे चार ग्लास (बोटं कुठवर बुडालीत ते बघायचं नाही), दुसऱ्या हातावर कोपरापर्यंत रचलेल्या तीन प्लेटा. माझ्या वाटीतलं सांबार संपत आलंय हे माझ्या आधी त्याला कळलं. ‘सांबार डालूँ?’ एवढंच बोलला आणि भर गर्दीत, टेबलावर थेंबही न सांडता वाटी भरून गेला. त्या साडेसहा रुपयांच्या जीएसटीबद्दल कुणी हूं की चूं करत नाही. दहाची नोट ठेवताना मात्र आपल्याला तत्त्वं आठवतात.

माझा आपला साधा हिशोब आहे. नुसता चहा उभ्या-उभ्या घेतला, किंवा कूपन घेऊन स्वतःच ताट उचलून आणलं, तर काही नाही. बसून खाल्लं आणि कुणी आणून वाढलं, तर बिल कितीही लहान असो, दहा रुपये. थाळी असेल तर वीस-तीस, कारण तिथे पोळी, भात, आमटी घेऊन तो माणूस आपल्याभोवती सारखा फिरत असतो.

बाबा बशीत पावली नाहीतर आठ आणे ठेवायचे. पावली २०११ च्या जूनअखेर चलनातूनच गेली. आठ आणे कायद्याने अजून चालतात म्हणे, पण ठेवून बघा, वेटर बशीसकट परत देईल. आणि आता मोबाईलने सुट्ट्यांचा प्रश्नच मिटवला. १३७ म्हणजे बरोबर १३७ जातात, तेही मालकाच्या खात्यात. पूर्वी ‘राहू दे’ म्हणून सुटायचे ते तीन, आठ, तेरा रुपये आता सुटतच नाहीत. लोक कंजूष झालेत असं मला वाटत नाही, बशीत परत काही येतच नाही तर ठेवणार काय! आजच्या वेटरला विचारलं तर हसून म्हणाला, ‘अब तो सब स्कॅन करते हैं, मॅडम.’ एक पोरगा तर आपल्या फोनच्या पाठीवर स्वतःचाच क्यूआर लावून फिरत होता. मला आवडलं.

मोठ्या हॉटेलांचं वेगळं. तिथे बिलातच सर्व्हिस चार्ज लावून मोकळे होतात. वास्तविक ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात घालता येणार नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. मी तो काढायला लावते आणि टिप वेटरच्या हातात देते. नवरा तेवढा वेळ पार्किंगकडे बघत उभा राहतो.

न्यू जर्सीचा मावसभाऊ आला की बटाटेवड्यावरही वीस टक्के काढायला बसतो. त्याचं चुकत नाही. तिकडे टिप मिळणाऱ्या नोकराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्याला चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बऱ्याच राज्यांत जास्त आहे, पण बहुतेक ठिकाणी मूळ पद्धत तीच, पगाराचा मोठा भाग गिऱ्हाइकाने भरायचा. आपल्याकडे टिप पगारावरची असते, निदान असायला हवी. म्हणून त्याचा टक्का इथे आणायचं कारण नाही, आणि आपला शून्यही तिकडे नेऊ नये.

उद्या ऑफिसातल्या सात जणांचं जेवण आहे. बिल मोबाईलवर सात ठिकाणी भागलं की टिप कुणाच्याच वाट्याला येत नाही, हे दर वेळचं. म्हणून आत्ताच ग्रुपवर टाकून ठेवलंय: माणशी दहा रुपये रोख आणा, सुट्टे.