वर्षाचं भात घरात यायला काय काय लागतं

डोंबिवली सोडून राजापूर तालुक्यातल्या सासरच्या गावी राहायला आल्यापासून एकच प्रश्न सगळ्यांकडून येतो: खरंच शेतावर घर चालतं का? बरेच जण हा प्रश्न मनापासून विचारतात, कारण त्यांच्याही नावावर कुठेतरी सातबारा असतो आणि घर बंद पडून असतं. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात हिशोबाने केली. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि मुलगा. सकाळी पेज, दोन्ही वेळा भात, म्हणजे महिन्याला ३५ ते ४० किलो तांदूळ. वर्षाचे साधारण ४५० किलो. गिरणीत भात भरडलं की तूस आणि कोंडा जाऊन तांदूळ दोनतृतीयांशाच्या आसपास उतरतो, म्हणून भात हवं सुमारे ७०० किलो. आमच्याकडे चांगलं पीक आलं तर गुंठ्याला २५ ते ३० किलो भात पडतं. पुढच्या वर्षीचं बियाणं आणि रानडुकरांचा वाटा धरला की तीस गुंठे तरी लावायलाच हवेत. हा आकडा एकदा कागदावर आला की स्वप्नाला जमिनीचं माप मिळतं, म्हणून कुणीही यायच्या आधी हे गणित स्वतःच्या घरापुरतं मांडावं असं मी आग्रहाने सांगते.

जमीन आमचीच होती, पण सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची, मुंबईतल्या चुलत भावंडांची अशी नावांची रांग. वारसनोंदी राहिलेल्या होत्या. त्या करून घेणं, कुणी कोणता मळा कसायचा हे सगळ्यांना फोनवर विचारून कागदावर लिहून घेणं, यात पहिला उन्हाळा गेला. कंटाळवाणं काम आहे, पण बांधावर पाऊल टाकण्याआधी ते उरकावं. नाती त्यामुळेच टिकली.

भाताचं काम पावसात सुरू होतं असं शहरात वाटतं. प्रत्यक्षात ते होळीच्या आसपासच सुरू होतं. कवळ म्हणजे झाडांच्या पाल्यासकट फांद्या तोडायच्या, वाळवायच्या, दाढीच्या म्हणजे भाताची रोपं करायच्या जागेवर शेण, कवळ, पालापाचोळा आणि वर मातीचा थर देऊन भाजावळ करायची. त्याने तणाचं बी जळतं आणि राख मिळते. मग बियाणं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे की दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतावं. हे मला करायला फार आवडतं. घमेल्यात हात फिरवला की पोल दाणे हलकेच वर येतात, ते चाळणीने काढून टाकायचे आणि तळाशी बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत पसरायचं. तळाशी राहिलेला दाणा हाताला वेगळा लागतो, भरलेला आणि घट्ट. रोहिणीत, पाऊस पडायच्या आधी, धूळवाफेवर तो पेरला की मृगाच्या सरींवर दाढ हिरवी होते.

लावणी हा सगळ्यात मोठा टप्पा, आणि स्वावलंबनाबद्दल माझं मत बदललं ते इथेच. तीस गुंठे दोन माणसांनी लावून होत नाहीत. तरवा, म्हणजे दाढीतली रोपं, एकवीस ते पंचवीस दिवसांचा झाला की लावायलाच हवा, जुना झाला की फुटवे कमी येतात. मजुरी देऊन माणसं मिळवायची म्हटलं तर वाडीत हात उरलेत किती! तरणी पोरं मुंबईत. म्हणून वाडीत अजूनही सावड चालते: आज आमच्या मळ्यात सगळी, उद्या शेजारच्या काकींच्या मळ्यात सगळी. मी काकींकडूनच तरवा काढायला शिकले. "पोरी, ओढू नको गो, मुळाशी धर नि हलकेच हलव," असं म्हणत त्यांनी मूठ सोडवून दाखवली, मुळांची माती पाण्यात झटकली आणि पेंडी बांधून मागे टाकली. दोन-तीन काड्या, दोन बोटं खोल, वीतभर अंतर. खोल गेलं तर रोप उशिरा फुटतं. चिखलात वाकून दिवस काढला की रात्री कंबर सरळ होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी काकींच्या मळ्यात जावंच लागतं, कारण शब्द दिलेला असतो. स्वतःपुरतं जगणं म्हणून इथे काही नाही. वाडी आपल्याला उभी करते, तेव्हा आपण पिकवतो.

चिखलणीला पॉवर टिलर भाड्याने येतो. बैलजोडी वर्षभर पोसणं आम्हाला परवडणारं नाही. एक गाय आहे, कोकण कपिला, दूध दोन लिटरच्या वर क्वचित, पण शेण महत्त्वाचं. तेही तीस गुंठ्यांना पुरत नाही. म्हणून बांधावर गिरिपुष्प लावलंय, त्याचा पाला चिखलणीच्या वेळी मळ्यात गाडतो.

भाताची जात निवडताना चव बघतात, पण आधी मळा बघावा. उंचावरच्या मळ्यात हळवं भात, सखल पाणथळ मळ्यात उशिरा येणारं गरवं. हळवं लवकर तयार होतं आणि नेमकं परतीच्या पावसात सापडण्याची भीती असते. कापून आडवं पडलेलं भात दोन दिवस भिजलं तर कणसातच कोंब फुटतात. त्या दिवसांत वाडीतल्या प्रत्येक घरात आभाळाकडे बघत बसलेलं माणूस असतं. ऊन पडलं की कुणी बोलवायची वाट न बघता सगळे विळे घेऊन निघतात. त्याआधी राखण असतेच. रानडुकरं रात्री येतात आणि एका रात्रीत मळाच्या मळा लोळवून जातात. मळ्यातल्या मचाणावर बसून डबे वाजवणं हे काम घरातल्या दोघांत वाटून घ्यावं लागतं. माकडं दिवसाची. पडवळ, दोडकी, नारळाची कोवळी फळं त्यांनी नेली नाहीत असं वर्ष नाही, म्हणून भाजी आम्ही घराला अगदी लागून करतो.

झोडणी झाली, भात उन्हात कडकडीत वाळवलं, निरगुडीचा पाला घालून कणगीत भरलं की मोठा घोर संपतो. थोडं उकडून घेतो, पेजेला उकडा तांदूळच हवा. वरकस, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत दहा गुंठे नाचणी, त्यातून शंभरेक किलो येते. नाचणी नीट वाळवून ठेवली की कीड लागत नाही, वर्षानुवर्षं राहते, म्हणून मी तिला खरी बेगमी मानते. भात कापल्यावर त्याच ओलीत कुळीथ आणि पावटा. आमची डाळ ती. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, अळू यांनी ताटाची बाजू सांभाळली जाते. मे महिन्यात आठळ्या, आमसुलं, सांडगी मिरची, फणसाची साठं करून ठेवायची, आणि हे सगळं पहिल्या पावसाच्या आत. पिकवण्याइतकीच मेहनत टिकवण्यात आहे. ती बहुतेक घरांत बायकांच्या वाट्याला येते आणि ती कुणी मोजत नाही. आमच्या घरी वाळवण उलटणं आणि भरणं नवरा करतो.

पाणी ही सगळ्यात अवघड गोष्ट. इथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्यातून झिरपून जातो. एप्रिल संपता संपता विहिरीचा तळ दिसतो. दिवाळीनंतर ओहोळावर वाळूच्या गोणींचा वनराई बंधारा सगळ्यांनी मिळून घातला, तर विहिरीला पाणी जास्त काळ राहतं. तरीही मेमध्ये भाजीचे वाफे सोडून द्यावे लागतात.

आणि रोख पैसा लागतोच. मीठ, साखर, चहा, वीजबिल, मुलाची शाळा, दवाखाना, टिलरचं भाडं, यातलं काहीच मळ्यात उगवत नाही. काजू बी विकून आमची वर्षाची रोख उभी राहते, बाकी नवरा गावात वायरिंगची कामं करतो. ज्या वर्षी काजूला मोहोराच्या वेळी ढगाळ हवा मिळते, त्या वर्षी हात आखडता घ्यावा लागतो. यायचं ठरवलेल्यांनी वर्षभराचा खर्च बाजूला ठेवूनच यावं, आणि त्याआधी एखादा जुलै गावात काढावा, चिखलात, भिजलेल्या कपड्यांत, विजेविना.

तेल मात्र अजून विकतचंच आहे. लिटरभर खोबरेल काढायला दहा-बारा नारळ लागतात, आणि माकडांतून उरतात तेवढे आमच्या आमटीलाच जातात. काकींच्या सासूबाई पूर्वी वरकसात तेलासाठी कारळे पेरायच्या. त्याचं बी वाडीत कुणाकडे उरलेलं नाही, पण वरच्या वाडीतल्या एका आजोबांनी मूठभर जपून ठेवलंय. यंदा नाचणीच्या कडेने दोन गुंठ्यांत ते पेरणार आहे. निम्मं बियाणं म्हणून आजोबांना परत द्यायचं ठरलंय.