दिवाळीची भेट म्हणून मांजराचं पिल्लू आणावं का?

दिवाळीच्या आठवड्यात माझ्या दवाखान्यात दोन तऱ्हेची गर्दी असते. एक फटाक्यांमुळे होणारी: बिथरून पळालेले कुत्रे, पलंगाखालून दोन-दोन दिवस बाहेर न आलेली मांजरं. दुसरी गर्दी भेट म्हणून घरी आणलेल्या पिल्लांची. पहिल्या गर्दीसाठी औषधं आहेत. दुसऱ्या गर्दीशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं घाईत उरकत नाही.

मी पुण्यात कुत्र्या-मांजरांची डॉक्टर आहे. वसुबारसेला संध्याकाळी ओपीडी आटोपत आलेली असताना एक कुटुंब आलं. पुढे तिशीतला तरुण. त्याच्या हातात आकाशकंदिलाचं खोकं, त्याला पेनाने पाडलेली भोकं. मागे त्याची ताई, ताईची नऊ-दहा वर्षांची मुलगी आणि ताईच्या सासूबाई. खोक्यातून बारीक, न थांबणारा आवाज येत होता.

"भाऊबीजेला भाचीला देणार होतो," मामा म्हणाला. "पण याने दुपारपासून ओरडून गुपितच फोडलं. ताई म्हणते आधी डॉक्टरांना दाखव. तुम्ही फक्त ठणठणीत आहे म्हणा मॅडम, म्हणजे झालं."

पिल्लू टेबलावर घेतलं. तिरंगी, म्हणजे मादीच असणार. तीनेक हजार तिरंगी मांजरांत एखादा बोका सापडतो तो अपवाद. वजन ४३० ग्रॅम. डोळे अजून निळे. हा जन्मजात निळा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यात बदलायला लागतो. तोंड उघडून पाहिलं तर सुळे आलेले, दाढा नुकत्याच हिरडीतून डोकावत होत्या. वय साधारण पाच आठवडे. पोट नगाऱ्यासारखं टणक, जंतांचं. बारीक दातांचा कंगवा पाठीवरून फिरवला आणि निघालेले काळे कण ओल्या कापसावर झटकले. क्षणात कापसावर लालसर डाग उमटले. मुलगी टेबलाला चिकटून बघत होती.

"हे काय आहे?"

"पिसवांची विष्ठा. पिसवा हिचं रक्त पितात, म्हणून ती लाल होते. हिच्या हिरड्या बघ, तुझ्यापेक्षा किती फिकट आहेत."

इतक्या लहान पिल्लाला पिसवांची बहुतेक औषधं चालत नाहीत, त्यामुळे कंगव्यानेच जमेल तेवढ्या काढल्या. शेपटीखाली चिकट जुलाब होता. काय खायला दिलं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आज वसुबारस, मला दूध वर्ज्य. घरात पिशवी तशीच होती, तीच दिली हिला." गाईच्या दुधातली साखर बऱ्याच मांजरांना पचत नाही, आणि आईपासून तुटलेल्या पिल्लाचा जीव त्या जुलाबाने धोक्यात येऊ शकतो, हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग पिल्लाकडे बघत त्यांनी असा प्रश्न विचारला जो तोवर कुणी विचारलाच नव्हता.

"पण हिची आई कुठंय?"

मामा जरा चाचरला. आई त्याच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये होती. तीन पिल्लं. दुपारी ती खायला गेली तेव्हा त्याने हे उचललं.

"आज गाय-वासराची एकत्र पूजा केली आपण," सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "आणि हे पितं पिल्लू उचलून आणलं याने."

मामाचा चेहरा उतरला. त्याचा हेतू चांगला होता, हे मला दिसत होतं. पार्किंगमधलं एक पिल्लू वाचेल, भाची खूश होईल, एवढंच त्याच्या मनात होतं. मी त्याला तसं म्हटलंही. पण पाच आठवड्यांचं पिल्लू आईचं दूध पीत असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भावंडांशी मारामारी करून किती जोराने चावलं तर समोरचा ओरडतो, हे शिकत असतं. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये जवळपास ६००० मांजरांची माहिती तपासली होती. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त आढळला, आणि पिल्लं बारा-चौदा आठवडे आईजवळ ठेवावीत असं त्यांनी सुचवलं. गाड्यांच्या चाकांखाली झोपणाऱ्या पिल्लांना तेवढे दिवस तिथे ठेवणं मला पटत नाही. पार्किंगमधल्या पिल्लांसाठी मी आठ आठवडे धरते. त्याच्या आत नाही.

ताई तोवर गप्प होत्या. भावाची ओवाळणी नको कशी म्हणायची, आणि तेही सासूबाईंसमोर, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी सरळ त्यांनाच विचारलं, "तुम्हाला हवंय का पिल्लू?"

"हवंय हो," त्या म्हणाल्या. "पण मला दमा आहे. सातवा मजला. घरात कुणी मांसमच्छी खात नाही. आणि लक्ष्मीपूजन झालं की आम्ही कोकणात जातो, भाऊबीजेला परत. मला कुणी विचारलंच नाही."

इथून खरी चर्चा सुरू झाली, आणि एकदा सुरू झाल्यावर मी घड्याळाकडे बघितलं नाही. असे चार प्रश्न कुटुंबाने माझ्यासमोर बसून सोडवले तर माझं पुढच्या दोन वर्षांचं काम हलकं होतं.

दम्याचं आधी. मांजराची ॲलर्जी केसांमुळे होते असं सगळे समजतात, आणि मग कमी केसांचं मांजर शोधतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत असणाऱ्या एका प्रथिनामुळे. मांजर अंग चाटतं, ते सुकतं, त्याचे कण घरभर उडतात. पिल्लू घरी आणल्यावर दमा बळावला तर त्या मुलीला आई आणि मांजर यांतून निवड करायला लावण्यासारखं होईल. म्हणून ताईंनी आधी स्वतःच्या छातीच्या डॉक्टरांशी बोलावं, आणि ओळखीच्या कुणाकडे मांजर असेल तर तिथे दोन-तीनदा तास-दोन तास बसून बघावं, असं सुचवलं.

सातव्या मजल्याचं ऐकून मामा म्हणाला, "मांजर पडली तरी पायांवरच पडते ना?" पडते. न्यूयॉर्कच्या एका जनावरांच्या दवाखान्यात उंचावरून पडून आलेल्या १३२ मांजरांची नोंद १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातली सुमारे नव्वद टक्के वाचली. हा आकडा लोकांना धीर देतो, मला देत नाही, कारण वाचलेली मांजरं मी टेबलावर बघते: हनुवटी फाटलेली, टाळूला मधोमध चीर, छातीच्या पोकळीत हवा साठून श्वास कोंडलेला. शिवाय दवाखान्यापर्यंत न पोचलेली मांजरं अशा नोंदीत येतच नाहीत. बाल्कनीला आणि खिडक्यांना जाळी नसेल तर सातव्या मजल्यावर मांजर आणू नये, यावर मी अडून बसते.

शाकाहाराचा प्रश्न सासूबाईंचा होता. "दूध-भात, पोळी, आमच्याकडे गावाला मांजरं हेच खायची." गावची मांजरं उंदीरही खायची, मी म्हटलं. मांजराला टॉरिन नावाचा घटक खाण्यातूनच लागतो आणि तो मांसात असतो. तो मिळाला नाही तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदयाचे स्नायू सैल पडतात. दूध-भातावर ठेवलेलं बंद घरातलं मांजर हळूहळू आंधळं होऊ शकतं. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या ओट्यावर चिकन शिजणार नाही." शिजवायलाच पाहिजे असं नाही, चांगल्या कॅट फूडच्या दाण्यांत टॉरिन घातलेलं असतं, पाकीट बाल्कनीत ठेवता येतं. हे त्यांना चाललं. पण ते त्यांच्या तोंडून येणं गरजेचं होतं, कारण दिवसभर घरात त्याच असणार होत्या.

कोकणाच्या प्रवासाबद्दल बोलायला लागलंच नाही. नव्या पिल्लाला घरात येऊन दोन दिवस होतात न होतात तोच घर बंद. आणि त्याआधीचे दोन दिवस दार सतत उघडं, पाहुणे, जमिनीवर पणत्या, खाली सुतळी बॉम्ब. माणसाला ऐकू येत नाहीत असे कितीतरी बारीक आवाज मांजराला ऐकू येतात. त्या कानांना लक्ष्मीपूजनाची रात्र कशी वाटत असेल! मला विचाराल तर वर्षाच्या बावन्न आठवड्यांत मांजर आणायला सगळ्यात वाईट आठवडा हाच.

"मग नाहीच जमलं तर परत पार्किंगमध्ये सोडू," मामा म्हणाला. यावर मात्र माझा आवाज चढला. घरात वाढलेलं मांजर पार्किंगमध्ये जगायला शिकलेलं नसतं. आणि पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

भेट म्हणून जनावर देऊच नये, असं माझ्या व्यवसायातले बरेच जण म्हणतात. मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेच्या २०१३ च्या पाहणीतही भेट मिळालेली बहुतेक कुत्री-मांजरं त्याच घरात टिकलेली आढळली होती. माझा आग्रह एवढाच असतो, की जे घर ते जनावर सांभाळणार त्या घरातल्या प्रत्येकाने आधी हो म्हटलेलं असावं, आणि मुहूर्त पिल्लाच्या वयावरून काढावा, पंचांगावरून नव्हे.

आठ आठवडे होईपर्यंत पिल्लू आईजवळ परत ठेवायचं ठरलं. मुलगी रडली. ते साहजिक होतं. तिला मी पिल्लाचं वजन कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं, की त्रिपुरी पौर्णिमा उलटली की ते सातशे-आठशे ग्रॅमचं व्हायला पाहिजे, मग तुमच्या घरचं बोलू. माणसाचा वास लागला तर मांजरी पिल्लाला घेत नाही, ही मामाची भीती खोटी होती. जंताचं औषध देऊन पिल्लू त्याच रात्री पार्किंगमध्ये परत गेलं. मामाने व्हिडिओ पाठवला: मांजरीने आधी ते हुंगलं, मग पंजाखाली दाबून चाटूनपुसून काढलं.

भाऊबीजेला मामाने ओवाळणी म्हणून ताईच्या सगळ्या खिडक्यांना जाळी बसवून दिली. ताईंच्या डॉक्टरांनी काही अटींवर होकार दिला: झोपायच्या खोलीत मांजर नाही, इन्हेलर वेळेवर, त्रास वाढला तर लगेच कळवायचं. पार्किंगमधली मांजरीही मामाने पिल्लं सुटी खायला लागल्यावर पकडून आणली आणि तिची नसबंदी झाली. पिल्लं अंगावर पीत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते, हे त्याला नव्यानेच कळलं होतं. उरलेल्या दोन पिल्लांपैकी एकाला त्याच इमारतीत घर मिळालं, दुसऱ्यासाठी तो अजून विचारतोय.

आणि तिरंगी पिल्लू आलं तेव्हा ७८० ग्रॅमचं होतं, डोळे हिरवट व्हायला लागलेले, हिरड्या गुलाबी. ट्रायकॅटचा, म्हणजे मांजरांच्या तीन संसर्गजन्य रोगांवरच्या लशीचा, पहिला डोस दिला. पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, रेबीज तीन महिने पूर्ण झाल्यावर, नसबंदी पाचव्या-सहाव्या महिन्यात. कार्डावर तारखा लिहीत असताना ताईंनी विचारलं, "मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो की हिला कुठे ठेवायचं?"

मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "मी कुठे जाते मे महिन्यात? मला तो उकाडा सोसत नाही."