‘क्लिनिकली कोरिलेट करा’ म्हणजे नेमकं कोणी, काय करायचं?

पोस्टातून पाकीट आलं तेव्हा मी सोनोग्राफी करत होते. रिसेप्शनवरच्या मुलीने सही करून ते घेतलं आणि टेबलावर ठेवलं. मी ते उघडलं संध्याकाळी सातला, शेवटचा पेशंट गेल्यावर. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची नोटीस होती, मागे तक्रारीची प्रत. सामनेवाले क्रमांक 1 रुग्णालय, क्रमांक 2 सर्जन, क्रमांक 3 मी, रेडिओलॉजिस्ट.

पेशंटचं नाव वाचून काहीच आठवेना, कारण मी त्यांना कधी भेटलेच नव्हते. एसटीतून निवृत्त झालेले वाहक, वय 61, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेले. भूलतज्ज्ञांच्या फिटनेससाठी छातीचा एक्स-रे काढला होता. रुग्णालयाच्या तळमजल्यावरचं सेंटर तेव्हा माझ्याकडे होतं, म्हणून तो मी वाचला होता. ऑपरेशन उत्तम झालं. 14 महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडू लागलं, सीटी झाला, उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात कॅन्सर निघाला. तोवर तो यकृतापर्यंत पोचला होता. तक्रार मुलीने केली होती, वडील गेल्यावर.

त्या रात्री मी जुनी फिल्म शोधून काढली. क्लॅव्हिकलच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या आड, पहिल्या बरगडीला लागून, जेमतेम सव्वा सेंटिमीटरची फिकट सावली. कुठे बघायचं ते आता माहीत होतं, त्यामुळे ती मला दोन सेकंदांत दिसली. मग रिपोर्ट उघडला. त्यातही ती होती. इंग्रजीत लिहिलेल्या त्या ओळीचा अर्थ असा: ‘उजव्या वरच्या भागात अस्पष्ट सावली. क्लिनिकली कोरिलेट करावे.’ म्हणजे पेशंटच्या तक्रारी आणि तपासणीशी ताडून बघावे. मला हायसं वाटलं. आपण पाहिलं होतं, लिहिलंही होतं, म्हणजे आपण सुटलो, असं मला त्या रात्री खरोखर वाटलं. आज रेसिडेंट डॉक्टरांना शिकवताना मी हे लपवत नाही, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना हेच वाटणार आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडच्या जुन्या टेक्निशियनने, अगदी काळजीपोटी, विचारलं, ‘मॅडम, सीटीचा सल्ला दिला होता अशी एक ओळ आत घालू का? सॉफ्टवेअरमध्ये जमतं.’ जमतंच. ती ओळ किती वाजता, कोणाच्या लॉगिनने घातली हेही तिथेच नोंदलं जातं. पण मी नाही म्हटलं ते पकडले जाऊ म्हणून नाही. माझ्या हातून काय राहिलं ते मला अजून नीट कळलेलं नव्हतं, आणि त्यावर एक खोटं रचलं असतं तर ते कधीच कळलं नसतं. रिपोर्टमध्ये खरोखरच काही भर घालायची असेल तर ती पुरवणी म्हणून, आजची तारीख आणि कारण लिहून घालावी. नोटीस हातात पडल्यावर मात्र कशालाही हात लावू नये. फिल्म, रिपोर्ट, रजिस्टर, कन्सेंट, सगळ्याच्या प्रती काढून मूळ कागद कुलपात ठेवावेत.

माझे वकील वयाने मोठे, जिल्हा कोर्टात 30 वर्षं काढलेले. त्यांनी माझी कहाणी ऐकण्याआधी पाकिटावरचा शिक्का पाहिला. नोटीस मिळाल्यापासून लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस असतात, आयोगाने दिलेच तर आणखी 15. ही 45 दिवसांची मुदत ओलांडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 4 मार्च 2020 ला सांगून ठेवलं आहे. 46 व्या दिवशी नेलेलं म्हणणं कितीही खरं असो, ते घेतलं जात नाही. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी ‘बघू नंतर’ म्हणून नोटीस ड्रॉवरमध्ये टाकली होती. त्यांच्याकडे उत्तम बचाव होता, आणि तो कोणी वाचलाच नाही.

वकिलांचा दुसरा प्रश्न विम्याचा होता. डॉक्टरांची इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे भरपाईच्या दाव्यांसाठीचा विमा, बहुतेक वेळा अशी असते की दावा दाखल होतो त्या दिवशी ती चालू असावी लागते, आणि मूळ घटनाही पॉलिसीत लिहिलेल्या मागच्या तारखेनंतर घडलेली असावी लागते. मध्ये एक वर्ष हप्ता चुकला की मागची सगळी वर्षं उघडी पडू शकतात. माझा हप्ता चुकला नव्हता. त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवलं.

आमच्या आयोगात पुरावा शपथपत्रावर चालला आणि उलटतपासणीही लेखी प्रश्नावलीतून झाली. समोर उभं राहून कोणी ओरडत नाही म्हणून ते सोपं वाटेल. पण कागदावरचा प्रश्न रात्रभर समोर बसून राहतो. मला 19 प्रश्न आले. सातवा असा: ‘क्लिनिकली कोरिलेट करावे, हे आपण नेमके कोणास सांगितले? त्याने नेमके काय करावे अशी आपली अपेक्षा होती?’ आठवा: ‘आपली ही अपेक्षा त्या व्यक्तीपर्यंत पोचली हे आपणास केव्हा व कसे समजले?’

मी तीन दिवस त्या दोन प्रश्नांपाशी अडले. खरं उत्तर असं होतं. एक्स-रे दुपारी चारला निघाला. ओली फिल्म, म्हणजे रिपोर्ट व्हायच्या आधीचीच, वर गेली, भूलतज्ज्ञांनी हृदयाचा आकार आणि फुप्फुसं पाहून फिटनेस दिला. माझा रिपोर्ट टाइप होऊन वर गेला दुसऱ्या दिवशी अकराला, तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. तो फाइलमध्ये लागला. तिसऱ्या दिवशी पेशंट घरी गेले, डिस्चार्ज कार्डावर एक्स-रेचा उल्लेखही नव्हता. मी कोणाला फोन केला नव्हता. ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सर्जन नव्हते, पेशंट तर नव्हतेच. ते वाक्य मी स्वतःसाठी लिहिलं होतं, उद्या काही निघालंच तर आपण लिहिलं होतं म्हणायला. शपथपत्रात मी एवढंच लिहिलं की कोणालाही प्रत्यक्ष कळवलं नाही. वकिलांनी ते वाचलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि एकही शब्द बदलला नाही.

आयोगाने शासकीय रुग्णालयाच्या समितीचं मत मागवलं. समितीने म्हटलं की सावली फार पुसट होती, ती नजरेतून सुटली असती तरी त्याला निष्काळजीपणा म्हणता आला नसता. म्हणजे मी ती पाहिलीच नसती तर कदाचित सुटले असते. ही गोष्ट पचवायला मला बराच काळ लागला.

एका तारखेला कॉरिडॉरमध्ये त्यांची मुलगी माझ्याशेजारच्या बाकावर बसली होती. वकिलांनी बोलू नका असं बजावलं होतं, तरी तीच बोलली. ‘मॅडम, तुम्ही पप्पांना कधी बघितलंच नव्हतं ना?’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘आम्ही फाइल घरी कपाटात ठेवली होती. वर्षभर तो कागद आमच्याच घरात होता.’ तिच्या आवाजात राग नव्हता. फाइल आपणच का उघडली नाही, याचा दोष ती स्वतःला देत होती. इंग्रजीतली ती ओळ तिने उघडून वाचली असती तरी तिला काय कळणार होतं?

तक्रार अंशतः मंजूर झाली. सर्जनवर ठपका आला नाही. रुग्णालयाच्या आणि माझ्या सेवेत त्रुटी ठरली, कारण निष्कर्ष ठाऊक होता आणि तो पेशंटपर्यंत नेण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. राज्य आयोगात अपिलाला 45 दिवस असतात. वकील म्हणाले, समितीचं मत आपल्या बाजूने आहे, लढता येईल. मी अपील केलं नाही. आदेश बरोबर होता.

शिकवण्याचं निमंत्रण त्यानंतर एका वैद्यकीय महाविद्यालयातून आलं. पहिल्या सत्रात मी वकिलासारखी तयारी करून गेले. 1995 चा व्ही. पी. शांता निकाल, ज्याने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. 2005 चा जेकब मॅथ्यू निकाल: डॉक्टरकडून सर्वोत्तम कौशल्याची अपेक्षा नाही, त्या शाखेतल्या सर्वसाधारण सक्षम डॉक्टरइतक्या काळजीची आहे, फौजदारी गुन्ह्यासाठी चूक घोर असावी लागते. 2008 चा समीरा कोहली निकाल: तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही. सव्वा तास बोलले. शेवटी एका मुलाने विचारलं, ‘म्हणजे मॅडम, रिपोर्टमध्ये सगळ्या शक्यता लिहून टाकल्या की आपण सेफ ना?’ बाकीचे माना डोलावत होते. ज्या सवयीने माझं आणि त्या कुटुंबाचं नुकसान केलं, तीच सवय मी सव्वा तास खर्चून पक्की केली होती. घरी येताना गाडीत मला रडू आलं.

पुढच्या वेळी स्लाइड नेल्याच नाहीत. 25 छातीचे एक्स-रे नेले, नावं काढलेले, आणि 40 मिनिटं दिली. रोजच्या कामाचा वेग साधारण तसाच असतो. त्यातल्या एका फिल्ममध्ये क्लॅव्हिकलआड पुसट गाठ होती. नऊ जणांनी आपापले रिपोर्ट लिहिले. पाच जणांच्या नजरेतून गाठ सुटली. तिघांनी ‘कोरिलेट’ लिहिलं. एकीने सीटी करावा असं स्पष्ट लिहिलं. मग मी माझ्या वकिलांना आत बोलावलं. त्यांनी प्रत्येकाचा रिपोर्ट हातात धरून मला विचारलेलेच प्रश्न विचारले. ‘कोणास सांगितले? केव्हा? त्यांनी काय उत्तर दिले? त्याची नोंद कुठे आहे?’ जिने सीटी लिहिला होता तीही दुसऱ्या प्रश्नाला गप्प झाली.

ज्यांच्या नजरेतून गाठ सुटली ते पाच जण पडलेल्या चेहऱ्याने बसले होते. त्यांच्यासाठी मी वेगळा वेळ ठेवते. 1949 मध्ये अमेरिकेत गार्लंड यांनी दाखवून दिलं होतं की दोष असलेल्या छातीच्या फिल्म वाचताना अनुभवी डॉक्टरांच्या हातूनही जवळपास 30 टक्के सुटतात. 2013 मध्ये 24 रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला सांगितलं आणि त्यात गोरिलाचं चित्र टाकलं, सरासरी गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना ते दिसलं नाही. डोळा शोधत असतो तेच पाहतो, आणि एक गोष्ट सापडली की शोध थांबवतो. निकाल ठाऊक झाल्यावर जुन्या फिल्मवर बोट ठेवणं सोपं असतं. नजरेतून सुटणं आणि निष्काळजीपणा हे कायद्यालाही एक वाटत नाहीत, एवढं ऐकल्यावर मुलांचे खांदे सैल होतात. म्हणून घाईत वाचायची मोकळीक मात्र मिळत नाही. क्लॅव्हिकलआड, हृदयामागे, छाती-पोटामधल्या पडद्याखाली रोज मुद्दाम बघण्याची शिस्त मी त्यांच्याकडून करून घेते.

फॉर्म एफचा, म्हणजे गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायच्या फॉर्मचा विषय नेहमी मुलंच काढतात, जरा वैतागून. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं पहिलं राज्य महाराष्ट्र होतं, 1988 मध्ये. देशाचा कायदा 1994 चा. गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीची नोंद अपुरी असेल तर कलम 4 (3) नुसार ते उल्लंघन मानलं जातं, आणि तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं असतं. ‘एका रिकाम्या रकान्यासाठी तुरुंग?’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 3 मे 2019 ला न्यायालयाने ती तरतूद कायम ठेवली. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हे कडक आहे, आणि प्रामाणिक डॉक्टरही त्यात भरडला जाऊ शकतो, हे मी मान्य करते. तरी 2011 च्या जनगणनेत आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या, आणि त्या न जन्मलेल्या मुलींच्या वाटेत सोनोग्राफीचं मशीन उभं होतं. तेव्हा फॉर्म क्लार्कवर सोडू नका, त्या बाईला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा, सही तिच्यासमोर करा, दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत पाठवा. हे सांगताना माझा आवाज चढतो आणि मी तो चढू देते.

आता माझ्या सेंटरवर एक जाड वही आहे. अनपेक्षित गाठ, न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती साठलेली हवा), मेंदूतला रक्तस्राव, असं काही दिसलं की फोन. मग वहीत कोणाला सांगितलं, किती वाजता, समोरच्याने ते परत म्हणून दाखवलं का. तेच रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत. पेशंट समोर असेल तर मराठीत दोन ओळी वेगळ्या कागदावर: ‘फुप्फुसात डाग दिसतो आहे. 15 दिवसांच्या आत सीटी करून घ्या.’ ‘कोरिलेट’ हा शब्द मी पूर्ण सोडलेला नाही. पण वापरला तर पुढे कोणत्या तक्रारीशी, कोणत्या तपासणीशी ताडून बघायचं ते लिहिते.

गेल्या पावसाळ्यात त्या महाविद्यालयातल्या दुसऱ्या वर्षाच्या एका रेसिडेंटचा रात्री पावणेबाराला फोन आला. अपघातातल्या पेशंटच्या सीटीत मूत्रपिंडावर गाठ दिसत होती, अपघाताशी काही संबंध नसलेली. ‘मॅडम, युनिटचे सर फोन उचलत नाहीत. सकाळी सांगू?’ पेशंट कुठे आहे विचारलं. तिसऱ्या मजल्यावर, ऑर्थोच्या वॉर्डात. मी म्हटलं, ‘तातडीचं नाही, पण सकाळी ड्युटी बदलेल. आत्ता वर जा, केसपेपरवर स्वतःच्या हाताने लिही, सिस्टरना वाचून दाखव. पेशंट शुद्धीवर असेल तर उद्या दिवसा त्यालाही सांग, नातेवाईक सोबत असताना.’ अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला. केसपेपरवरच्या नोंदीचा फोटो होता, खाली वेळ 12:10, आणि सिस्टरची सही.