बारा वर्षांनी पुन्हा टॅरो

२०२४च्या जुलैत आमच्या डोंबिवलीच्या घराच्या मागच्या भिंतीला ओल आली, म्हणून लाकडी कपाट पूर्ण रिकामं करावं लागलं. सगळ्यात वरच्या फळीवर, साड्यांच्या खोक्यामागे, लाल सुती पिशवीत माझा टॅरोचा डेक होता, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या कार्डांचा संच. तो तिथे आहे हे मला बारा वर्षं माहीत होतं. दर दिवाळीत फळी पुसताना मी ती पिशवी उचलायचे आणि न उघडता परत तिथेच ठेवायचे. या वेळी पिशवीला कुबट वास येत होता. उघडणं भाग पडलं.

कार्डं एकमेकांना चिकटली होती. ओढली असती तर रंगाचा पापुद्रा निघाला असता. जुन्या धोतराच्या फडक्यावर रात्रभर पंख्याखाली ठेवली आणि सकाळी कडेनं नख घालून एकेक सोडवलं. मोजली तर सत्त्याहत्तर भरली. कुठलं कमी आहे हे बघायला मला सगळी मांडावी लागली नाहीत. टेन ऑफ सोर्ड्स, दहा तलवारींचं कार्ड. ते टॅरोच्या क्लासच्या वहीत होतं, त्याच्याच पानावर पालथं. मीच ठेवलं होतं.

क्लास २०१० सालचा, दादरला, दर शनिवारी. बावीस मेजर, म्हणजे मुख्य कार्डं, आणि छप्पन्न मायनर, म्हणजे दुय्यम. मायनरमध्ये वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), सोर्ड्स (तलवारी) आणि पेंटॅकल्स (नाणी), प्रत्येकाची चौदा. मॅडम दर कार्डाचे चार-पाच शब्द लिहून द्यायच्या आणि मी ते पाठ करायचे. पाठांतरात मी पहिल्यापासून बरी. सहा महिन्यांत सगळं तोंडपाठ झालं आणि नात्यातले लोक विचारायला येऊ लागले.

२०१२च्या उन्हाळ्यात माझी धाकटी नणंद आली. नाशिकला चांगली नोकरी चालून आली होती आणि तिचं मन होय-नाही करत होतं. मी केल्टिक क्रॉस, म्हणजे दहा कार्डांची मांडणी, मांडला. दहाव्या जागी, म्हणजे गोष्ट कुठे जाऊन पोचेल ते जिथे बघतात तिथे, टेन ऑफ सोर्ड्स आलं. मी वहीतले शब्द घडाघडा बोलून टाकले: विश्वासघात, सर्वनाश, सगळं संपणं. तिचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. तरी मी थांबले नाही. खरं आहे ते सांगायलाच हवं, असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं.

तिनं नोकरी नाकारली. त्या वर्षी भाऊबीजेला, जेवणं झाल्यावर भांडी पुसता पुसता ती म्हणाली, “वहिनी, तू म्हणालीस म्हणून मी नाही गेले.” आवाज चढवला नाही, काही नाही. त्या रात्री मी ते कार्ड वहीत पालथं घातलं आणि डेक वर ठेवून दिला.

आता बारा वर्षांनी वही उघडली तर एक गोष्ट लक्षात आली, आणि तिनं मला घाबरवलं. शब्द अजून तसेच पाठ होते. कार्ड सुलटं केलं की चित्र नीट दिसायच्या आधी शब्द तोंडात हजर. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स, गरिबी. थ्री ऑफ सोर्ड्स, हृदयभंग. म्हणजे मी बारा वर्षांपूर्वी चित्रं कधी पाहिलीच नव्हती. नणंदेसमोर बसले होते तेव्हाही मी वहीच वाचत होते.

मग ठरवलं, वही बंद. मुलीच्या चित्रकलेच्या वहीत पेन्सिलीनं कार्डं उतरवून काढायची. मला चित्र काढता येत नाही, पण काढायला घेतलं की बघावंच लागतं. सुरुवात टेन ऑफ सोर्ड्सनंच केली. जिवावर आलं होतं. चार संध्याकाळी लागल्या.

पालथा पडलेला माणूस, पाठीत दहा तलवारी. एवढं सगळ्यांनाच दिसतं. पण मागचं पाणी काढताना कळलं की तिथे एकही लाट नाही, अगदी संथ आहे. वरचं आभाळ काळंकुट्ट, मात्र डोंगरांच्या वर पिवळा पट्टा आहे, आणि तो बराच रुंद आहे. मग हात. त्या माणसाचा हात जमिनीवर पडलाय आणि बोटं एका विशिष्ट पद्धतीनं दुमडलेली आहेत. ती काही केल्या जमेनात. तशी बोटं आधी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटत होती म्हणून सगळी कार्डं चाळली, तर हायरोफंट, म्हणजे धर्मगुरू, आशीर्वाद देताना बोटं अशीच धरतो. मी किती तरी वेळ ती दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवून बसले होते.

त्यानंतर इतिहास वाचायला लागले, कारण क्लासमध्ये तो दोन वाक्यांत उरकला होता. टॅरो इजिप्तच्या पुजाऱ्यांकडून आलं, असं आम्हाला सांगितलं होतं. तो दावा कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं १७८१ मध्ये केला, आणि तेव्हा तर इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. शांपोल्यँ या फ्रेंच अभ्यासकानं ती उलगडली १८२२ मध्ये. टॅरोची कार्डं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायचे पत्ते म्हणून निघाली. हे वाचून मला आधी वाईट वाटलं, आणि दोन दिवसांनी हलकं वाटलं. माणसांनी खेळायला केलेले पत्ते असतील, तर ते हुकूम सोडत नाहीत.

आणि पामेला कोलमन स्मिथ. माझ्या डेकमधली सगळी चित्रं हिची. गूढविद्येवर लिहिणारे आर्थर वेट यांच्या सांगण्यावरून तिनं ती १९०९ मध्ये काढली, आणि त्याच वर्षी लंडनच्या रायडर कंपनीनं डेक बाजारात आणला. डेकला नाव पडलं रायडर-वेट. एवढं मोठं काम करून पैसे फार थोडे मिळाले, असं तिनं त्याच वर्षी एका पत्रात लिहून ठेवलंय. ती १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये वारली, पदरी कर्ज होतं. क्लासमध्ये तिचं नाव मी एकदाही ऐकलं नाही. पण तिची सही कार्डांवर आहे. खालच्या कोपऱ्यात एस हे अक्षर सापासारखं वळवून त्यात पी आणि सी गुंफलेले. आता कार्ड उचललं की माझी नजर आधी तिथे जाते.

वेट यांच्या १९११च्या पुस्तकात टेन ऑफ सोर्ड्सबद्दल काय आहे तेही शोधलं. दुःख, अश्रू, वाताहत असं त्यांनी लिहिलंय, पण हे खास करून हिंसक मृत्यूचं कार्ड नव्हे, असंही लगेच लिहिलंय. हे एक वाक्य २०१२ मध्ये मला माहीत असतं तर मी काय बोलले असते, हा विचार अजूनही पाठ सोडत नाही.

पुढची पद्धत साधी ठेवली. सकाळी चहाच्या आधी एक कार्ड, आणि दिसेल तेवढंच पाच ओळींत लिहायचं. अर्थ लिहायचा नाही. क्रम आकड्यानुसार: चारही एक्के, मग चारही दुऱ्या, मग तिऱ्या. याचा मला फार उपयोग झाला. चारही पंज्या शेजारी ठेवल्या की चौघींत काहीतरी बिघडलेलंच दिसतं: भांडणं, सांडलेले पेले, हिसकावलेल्या तलवारी, बर्फात चाललेले दोघं जण. त्या दोघांच्या डोक्यावर उजेडाची खिडकी आहे आणि त्यांचं तिकडे लक्ष नाही, हेही तेव्हाच पाहिलं. गणपतीत दहा-बारा दिवस खंड पडला. पूर्वी एवढ्यावर मी सोडून दिलं असतं. या वेळी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सत्त्यापासून पुढे चालू केलं.

कोर्ट कार्डांशी, म्हणजे दरबारातल्या माणसांच्या कार्डांशी, मात्र झगडा होता आणि आहे. पेज, नाइट, क्वीन, किंग मिळून सोळा माणसं, आणि ती माझ्याशी बोलत नाहीत. क्वीन ऑफ सोर्ड्स तेवढी कळते. तिचा पुढे केलेला हात मला माझ्या आत्याचा वाटतो.

दुसऱ्या कुणासाठी अजून कार्डं मांडलेली नाहीत. पण या भाऊबीजेला नणंद आली तेव्हा मी तिला आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं की त्या दिवशी माझं चुकलं, मी तुला वही वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मला पुष्कळ दिवस राग होता गं.” मी म्हटलं, असणारच. ती नोकरी घेतली असती तर काय झालं असतं, यावर आम्ही दोघी काही बोललो नाही.

तिनंच विचारलं, “ते कार्ड कुठाय?” मी दिलं. तिनं ते खिडकीशी नेलं, डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं. बाहेर मुलं फटाके वाजवत होती.

“वहिनी, यात उजाडतंय की मावळतंय?”

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि पुन्हा बघायला लागले.